पाच, चार, चार, पाच, दोन : उरवड्याची आग आणि समीकरणाचा हिशेब

या भागात आकडेमोड जरा जास्त आहे. गाडीवर किंवा बसमध्ये उभ्याउभ्या ऐकून ती डोक्यात बसायची नाही, म्हणून बोललेलं सगळं इथे लिहूनही ठेवलंय. कागद-पेन असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलमधलं नोट्स उघडा.

विषय आहे रासायनिक समीकरण संतुलित करणं. हो, तेच, दहावीच्या विज्ञान भाग १ मधला तिसरा धडा, 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे'. डावीकडचे अणू मोजा, उजवीकडचे मोजा, जिथे कमी पडतात तिथे रेणूच्या पुढे आकडा लावा, दोन्ही बाजू जुळल्या की मार्क घ्या आणि पुढच्या प्रश्नाला जा. आपण बहुतेकांनी मार्क घेतले आणि पुढे गेलो. पण हा हिशेब जुळवायची गरज कुणाला आणि का पडली? तो जुळला म्हणजे नेमकं काय कळलं? आणि काय कळलं नाही? हे तिन्ही प्रश्न मला मुळशी तालुक्यातल्या एका घटनेमुळे पडले, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम आणि मग पिरंगुट. मुळशी म्हटलं की कुणाला १९२१चा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात, कुणाला धरण आणि ताम्हिणीचा पाऊस, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना 'मुळशी पॅटर्न'. पिरंगुटच्या आसपास भातखाचरं कुठे संपतात आणि कारखान्यांच्या शेड कुठे सुरू होतात ते पटकन कळत नाही. तिथून जवळच उरवडे गाव आहे.

७ जून २०२१, सोमवार. कोविडची दुसरी लाट ओसरत होती आणि त्याच दिवसापासून महाराष्ट्रात पाच स्तरांचं अनलॉक सुरू झालं होतं. दुपारी उरवड्यातल्या एका कारखान्यात आग लागली. पाणी शुद्ध करायला वापरतात त्या क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादनं तिथे बनत. आत ३७ जण होते. १७ जण गेले, त्यात १५ बायका. आत अडकलेल्यांपर्यंत पोचायला जेसीबीनं भिंत फोडावी लागली. मृतदेह ससूनला नेले, आणि त्यांची ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली, इतकी ती आग होती.

आग कशी लागली, जबाबदार कोण, हे ठरवणं तपासाचं आणि कोर्टाचं काम. त्यात मी पडत नाही. मला बोलायचंय ते रसायनाबद्दल. पाणी पिण्यालायक करणारा पदार्थ आणि एवढी आग, या दोन गोष्टी एका छपराखाली कशा येतात? त्याचं उत्तर एका समीकरणात आहे, आणि ते समीकरण इतकं सोपं आहे की कुठलाही पेपर काढणारा मास्तर ते परीक्षेत घालणार नाही.

पण तिथे पोचायच्या आधी दोनशे तीस-पस्तीस वर्षं मागे जाऊ.

फ्रान्स, ऑक्टोबर १७८८. पॅरिसच्या दक्षिणेला एसॉन नावाचं गाव, तिथे सरकारी बारूदखाना. आंत्वान लॅव्हाझिए हा माणूस तुम्हाला 'द्रव्य अक्षय्यतेचा नियम' या मथळ्याखाली एका गोल चित्रात भेटलेला असेल. त्याच्या नोकऱ्या मात्र धड्यात येत नाहीत. तो सरकारसाठी कर गोळा करणाऱ्या खासगी कंपनीत भागीदार होता, आणि १७७५ पासून फ्रान्सच्या बारूद खात्याच्या कारभाऱ्यांपैकी एक होता. म्हणजे दिवसभर वह्या, जमा-खर्च, आणि पोत्यांनी सोरा. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक.

त्याचा सहकारी बर्थोले यानं नुकताच एक नवा क्षार तयार केला होता. आज आपण त्याला पोटॅशियम क्लोरेट म्हणतो. कल्पना अशी निघाली की दारूत सोऱ्याऐवजी हा वापरला तर ती जास्त जोरदार होईल. एसॉनला चाचणी ठेवली. लॅव्हाझिए, त्याची बायको मारी-आन आणि बर्थोले स्वतः हजर होते. मिश्रण कुटायला सुरुवात झाली. पाहुणे मंडळी जरा बाजूला गेलेली असताना स्फोट झाला आणि दोन माणसं जागीच गेली. एक कारखान्यातला अधिकारी, दुसरी एक तरुण स्त्री. दारू जास्त जोरदार होईल हा अंदाज बरोबर होता.

पुढच्याच वर्षी, १७८९ मध्ये, लॅव्हाझिएचा रसायनशास्त्राचा मोठा ग्रंथ आला. त्यातल्या आकृत्या मारी-आननं काढलेल्या. द्राक्षाच्या रसाची वाइन होते त्याचा पूर्ण जमा-खर्च त्यात आहे. साखर किती, पाणी किती, यीस्ट किती, आणि शेवटी अल्कोहोल किती, कार्बन डायऑक्साइड किती, उरलं काय. तिथे तो जे म्हणतो त्याचा मतितार्थ असा की क्रियेआधी जितकं द्रव्य असतं तितकंच नंतरही असतं, म्हणून एका बाजूला घातलेलं आणि दुसऱ्या बाजूला मिळालेलं यांत बरोबरीचं चिन्ह टाकता येतं. बीजगणितातलं समीकरण रसायनात आलं ते असं. कराच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला हे सुचावं यात मला काहीच नवल वाटत नाही. वहीत ताळा लागला नाही तर पैसे हवेत उडाले असं कुणी म्हणत नाही. कुणीतरी खाल्ले, असंच म्हणतात. लॅव्हाझिए वायूंच्या बाबतीत हेच म्हणाला. लाकूड जळून वजन कमी झालं? मग उरलेलं कुठे गेलं ते शोधा, भांडं बंद करा, पुन्हा तोला.

कर गोळा करणाऱ्या त्याच कंपनीपायी १७९४ साली त्याचं डोकं गिलोटीनखाली गेलं. तो वेगळ्या भागाचा विषय.

आता लक्षात घ्या, लॅव्हाझिएकडे तराजू होता, अणू नव्हते. एच टू ओ असली चिन्हंही नव्हती. डाल्टननं १८०८ मध्ये अणूंची गोल गोल चित्रं काढली. मग १८१३-१४च्या सुमारास स्वीडनच्या बर्झेलियसनं मूलद्रव्याच्या नावाचं आद्याक्षर चिन्ह म्हणून घ्यायची पद्धत आणली. ते छापखान्याला सोपं होतं, म्हणून टिकलं. आता समीकरण मोजता येईल असं लिहिता येऊ लागलं.

आणि इथेच पहिली गडबड झाली. डाल्टन म्हणत होता, पाण्यात हायड्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक. मग समीकरण काय? एक हायड्रोजन अधिक एक ऑक्सिजन बरोबर एक पाणी. मोजा. डावीकडे एक-एक, उजवीकडे एक-एक. पूर्ण संतुलित. पूर्ण चूक. पाण्याचं सूत्र काय यावर युरोपातले रसायनशास्त्रज्ञ पुढची पन्नास वर्षं भांडत होते. १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहला त्यांची परिषद भरली, तिथे इटलीच्या कानिझारोचं अणुभारांवरचं पत्रक वाटलं गेलं, आणि मग हळूहळू एच टू ओवर एकमत झालं. ताळा जुळणं आणि खरं असणं यांत एवढं अंतर असू शकतं.

आपल्याकडे हे सगळं मराठीत कधी आलं? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी पदार्थविज्ञान, रसायन, यंत्रशास्त्र अशा विषयांवर मराठीत पुस्तकं लिहिली. ऑक्सिजनला मराठीत काय म्हणायचं, आम्ल कशाला म्हणायचं, हे ठरवत ठरवत ते लिहायचं काम होतं. 'प्राणवायू' हा शब्द आपल्याकडे रुळला आणि तो सुंदर आहे. पण त्या शब्दात प्राण आहे, आग नाही. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑक्सिजनच्या सिलिंडरचे मेसेज फिरत होते. तेव्हा तो प्राणवायूच होता. जूनमधल्या उरवड्याच्या आगीबद्दल बोलताना मात्र त्याच वायूची दुसरी बाजू बघावी लागते.

आता क्लोरीन डायऑक्साइडकडे येऊ. एक क्लोरीन, दोन ऑक्सिजन. हिरवट पिवळा वायू.

१८११ मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीनं पोटॅशियम क्लोरेटवर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं. एसॉनला ज्यानं दोघांचा जीव घेतला तोच क्षार. त्यातून पिवळसर हिरवा वायू निघाला. डेव्हीला वाटलं हा एक नवा वायू आहे, त्यानं त्याला 'युक्लोरिन' असं नावही दिलं. पुढे कळलं की ते मिश्रण होतं, क्लोरीन आणि क्लोरीन डायऑक्साइडचं. डेव्हीसारखा माणूस कसा चकला? जरा समीकरण मांडून बघू. पोडकास्टमध्ये सूत्रं वाचून दाखवणं म्हणजे रेल्वेची अनाउन्समेंट होते, म्हणून नावांनीच लिहितो.

पहिलं असं मांडता येतं:

२ पोटॅशियम क्लोरेट + ४ हायड्रोक्लोरिक आम्ल → २ क्लोरीन डायऑक्साइड + १ क्लोरीन + २ पोटॅशियम क्लोराइड + २ पाणी

मोजा. पोटॅशियम दोन-दोन. क्लोरीनचे अणू डावीकडे दोन आणि चार मिळून सहा, उजवीकडे दोन, दोन, दोन मिळून सहा. ऑक्सिजन डावीकडे सहा, उजवीकडे चार आणि दोन. हायड्रोजन चार-चार. जुळलं.

आता दुसरं:

१ पोटॅशियम क्लोरेट + ६ हायड्रोक्लोरिक आम्ल → ३ क्लोरीन + १ पोटॅशियम क्लोराइड + ३ पाणी

हेही मोजून बघा, जुळतं. बरं, दोन्हींची बेरीज करा: ३ क्लोरेट, १० आम्ल, आणि पलीकडे २ क्लोरीन डायऑक्साइड, ४ क्लोरीन, ३ पोटॅशियम क्लोराइड, ५ पाणी. तेही जुळतं. पहिलं दोनदा आणि दुसरं एकदा घेऊन बेरीज केली तर चौथं उत्तर मिळतं. अशी कितीही उत्तरं तयार करता येतात, आणि सगळी संतुलित!

म्हणजे इथे 'समीकरण संतुलित करा' या प्रश्नाला एकच उत्तर नाहीच. भांड्यात प्रत्यक्ष कोणत्या प्रमाणात काय होईल ते आम्ल किती तीव्र आहे, तापमान किती आहे यावर ठरतं. वहीवर ते कळत नाही. शाळेत आपल्याला एकच उत्तर असलेली समीकरणं निवडून देतात. त्याला माझी हरकत नाही, सुरुवातीला तेच बरं. पण त्यातून असा समज होतो की ताळा जुळला म्हणजे निसर्गानं सही केली. हिशेब इतकंच सांगतो की काय अशक्य आहे. शक्य असलेल्या गोष्टींपैकी कोणती घडेल, किती जोरात घडेल, किती उष्णता बाहेर टाकेल, हे तो सांगत नाही.

या वायूचा उपयोग काय? कागद कारखान्यात लगदा पांढरा करायला, आणि पाणी शुद्ध करायला. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरानं १९४४ मध्ये पिण्याच्या पाण्याला तो वापरला, कारण तिथल्या पाण्याला फिनॉलचा वास येत होता आणि साध्या क्लोरीननं तो वाढत होता. आपल्या गावांत टाकीत टीसीएल टाकतात, म्हणजे ब्लिचिंग पावडर, ती वेगळी. क्लोरीन डायऑक्साइड जास्त नाजूक प्रकरण आहे. हवेत त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं तर तो स्फोट होऊन फुटू शकतो. म्हणून क्लोरीनसारखा तो दाबून सिलिंडरमध्ये भरून पाठवत नाहीत. जिथे लागेल तिथेच बनवतात. आणि लोकांना सोयीचं व्हावं म्हणून पावडर किंवा गोळ्या मिळतात. अशा गोळीत सामान्यतः सोडियम क्लोराइट आणि आम्ल देणारा एखादा कोरडा क्षार असतो. कोरडं असेपर्यंत दोघं शेजारी शांत बसतात. पाण्यात टाकलं की वायू तयार होऊन पाण्यातच विरघळतो.

आता हे सोडियम क्लोराइट नीट ऐका. क्लोराइड नव्हे. क्लोराइड म्हणजे जेवणातलं मीठ. क्लोराइट म्हणजे त्याच मिठाच्या रेणूला दोन ऑक्सिजन चिकटलेले. एका अक्षराचा फरक, आणि त्या अक्षरात ३२ ग्रॅम ऑक्सिजन. ते कसं, ते थोड्या वेळात.

आधी शीर्षकातलं कोडं. सोडियम क्लोराइट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यातून क्लोरीन डायऑक्साइड, मीठ आणि पाणी. हे अंदाजानं आकडे लावून जुळवायला बसलात तर वैताग येईल. पण एक रीत आहे, बीजगणिताची. १८७८ मध्ये जेम्स बॉटमली यांनी ती छापली होती. पाच पदार्थांना पाच अक्षरं द्या: क्लोराइट क, आम्ल ख, क्लोरीन डायऑक्साइड ग, मीठ घ, पाणी च.

सोडियमचा हिशेब: क बरोबर घ. क्लोरीनचा: क अधिक ख बरोबर ग अधिक घ. पण क आणि घ सारखेच, म्हणून ख बरोबर ग. हायड्रोजनचा: ख बरोबर दोन च. ऑक्सिजनचा: दोन क बरोबर दोन ग अधिक च. आता ग म्हणजे दोन च, म्हणून दोन क बरोबर पाच च. च दोन धरा, क पाच येतो. झालं. पाच, चार, चार, पाच, दोन.

५ सोडियम क्लोराइट + ४ हायड्रोक्लोरिक आम्ल → ४ क्लोरीन डायऑक्साइड + ५ मीठ + २ पाणी

चार ओळींत सुटलं. मला हे समीकरण फार आवडतं, कारण त्यात एक गोष्ट लपलेली आहे. क्लोराइटचे पाच रेणू आत गेले आणि क्लोरीन डायऑक्साइडचे चारच बाहेर आले. पाचव्याचं काय झालं? तो बाकीच्या चौघांकडून एकेक इलेक्ट्रॉन घेऊन मीठ झाला. या मार्गानं कितीही कसबी केमिस्ट असला तरी शंभरातले ऐंशीच हाती लागणार. कारखानदाराला नफा-तोटा सांगणारं समीकरण आहे हे.

आणि आता ते सोपं समीकरण, जे परीक्षेत येत नाही.

सोडियम क्लोराइट → मीठ + ऑक्सिजन

कुठेच आकडा लावायचा नाही. एक सोडियम, एक क्लोरीन, दोन ऑक्सिजन, पलीकडेही तेवढेच. लिहिता क्षणीच संतुलित. कोरडं क्लोराइट तापलं, साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, की ते फुटू लागतं. मधे क्लोरेट तयार होतं, मग तेही फुटतं, पण शेवटचा जमा-खर्च हाच. शिवाय फुटताना ते उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे शेजारचं क्लोराइट तापतं, आणि मग तेही.

आता वजनं घाला. सोडियम २३, क्लोरीन साडेपस्तीस, दोन ऑक्सिजन मिळून ३२. एकूण साडेनव्वद. म्हणजे साडेनव्वद किलो क्लोराइटमध्ये ३२ किलो ऑक्सिजन, शेकडा ३५. पन्नास किलोचा एक ड्रम शुद्ध माल धरला तर त्यात सतरा-अठरा किलो ऑक्सिजन कोंडलेला आहे. तो मोकळा झाला तर नेहमीच्या तापमानाला साधारण साडेतेरा हजार लिटर भरतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या दोन खोल्यांतल्या हवेत मिळून जेवढा ऑक्सिजन असतो, त्याहूनही थोडा जास्त. एका ड्रममध्ये.

आणि जळणार काय? प्लास्टिकची पिशवी घेऊ, पॉलिथिनची. त्याचं समीकरण दहावीच्या आवाक्यातलं आहे. कार्बनला दोन हायड्रोजन असा एक तुकडा धरा. असे दोन तुकडे आणि ऑक्सिजनचे तीन रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू आणि पाण्याचे दोन. वजनात २८ ला ९६. एक किलो प्लास्टिक पूर्ण जळायला जवळजवळ साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. एरवी प्लास्टिकचा ढीग पेटला तर त्याला बाहेरच्या हवेची वाट बघावी लागते. आत हवा कमी पडली की आग मंदावते, धूर होतो. तेवढ्यात पळायला थोडा वेळ मिळू शकतो. पण शेजारी स्वतःचा ऑक्सिजन घेऊन बसलेला पदार्थ असेल तर आगीला कुणाची वाट बघायची गरज उरत नाही. दार बंद करून, वाळू टाकून हवा तोडली तरी उपयोग नाही. भरपूर पाणी मारून थंड करणं हाच इलाज. म्हणून अशा मालाजवळ कागद, लाकडाचा भुसा, तेलाचे बोळे, पॅकिंगचं प्लास्टिक काही ठेवू नये, असं त्याच्या सुरक्षा-पत्रकात लिहिलेलं असतं.

ही तंतोतंत अशीच चूक जगानं एकदा फार महागात बघितली आहे. ११ मे १९९६, अमेरिकेतलं मायामी. व्हॅल्युजेट कंपनीचं विमान उडालं आणि दहाएक मिनिटांत फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं. ११० माणसं गेली, कुणीच वाचलं नाही. विमानाच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात, जुने ऑक्सिजन जनरेटर ठेवलेले होते. प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कला ऑक्सिजन देणारे हे छोटे डबे. आत सोडियम क्लोरेट. नीट बंद न केलेले. तो कप्पा मुद्दाम हवाबंद बनवलेला होता, कारण आग लागली तर हवा संपून ती आपोआप विझेल असा हिशेब होता. आगीला ऑक्सिजन बाहेरूनच मिळणार, असं त्या हिशेबात गृहीत धरलेलं. दोन क्लोरेट, त्यातून दोन मीठ आणि तीन ऑक्सिजन, ही ओळ कप्पा बनवणाऱ्यांच्या हिशेबात नव्हती, आणि डबे चढवणाऱ्यांना कुणी सांगितली नव्हती.

हे 'कुणी सांगितली नव्हती' मला जास्त छळतं. समीकरण कारखान्यात कुणाला माहीत असतं? केमिस्टला असतं. माल मागवणाऱ्याला असतं, निदान असायला हवं. आणि पिशवीत भरणारीला? गोळ्या मोजून, पाकीट सील करून, खोक्यात रचणारीला? भोपाळ १९८४ साली घडलं. त्यानंतर, १९८७ मध्ये, कारखाना अधिनियम १९४८ यात धोकादायक प्रक्रियांचं एक वेगळं प्रकरण घालण्यात आलं. त्यातलं कलम ४१ ब, उरवड्याची आग लागली तेव्हाही लागू असलेलं, असं सांगायचं की अशा कारखान्याच्या भोगवटादारानं धोके काय आहेत आणि त्यावर उपाय काय आहेत ही माहिती कामगारांना दिलीच पाहिजे. नुसती कामगारांनाच नव्हे, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांनाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत हे समीकरण केमिस्टच्या कपाटातलं गुपित नाही. पॅकिंगला बसलेल्या बाईचा त्यावर हक्क आहे, आणि शेजारच्या गावाचाही.

आता तुम्ही म्हणाल, पॅकिंगच्या कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मोल आणि अणुभार शिकवायचे का? गरज नाही. दहावी झालेली कितीतरी मुलं-मुली आज पिरंगुट, रांजणगाव, कुरकुंभच्या शेडमध्ये कामाला आहेत. पाच-चार-चार-पाच-दोन त्यांना यायलाच हवं असं नाही. पण 'हे तापलं तर यातून ऑक्सिजन निघतो' एवढं वाक्य प्रत्येकाला कळतं. माझ्या मते तिसऱ्या धड्यात संतुलनाची पंधरा गणितं असतील तर त्यातली दोन कमी करून तिथे हे एक वाक्य घालावं, आणि एक ड्रम म्हणजे किती खोल्यांची हवा हा हिशेब पोरांकडून करून घ्यावा. हा हिशेब एकदा स्वतः केला की विसरत नाही.

हा भाग ऐकून कुणी विचारेल की आम्ही तर कारखान्यात जात नाही, मग ओळखायचं कसं? रस्त्यावर. पौड रोडवर, नगर रोडवर, एक्स्प्रेसवेवर ट्रक आणि टँकरच्या मागे रंगीत चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. लाल असेल तर माल स्वतः पेटणारा, म्हणजे पेट्रोलसारखा. पिवळा असेल, त्यात एका वर्तुळावर ज्वाळा काढलेली असेल आणि खालच्या कोपऱ्यात ५.१ लिहिलेलं असेल, तर माल स्वतः पेटेल न पेटेल, पण शेजारच्याला पेटायला ऑक्सिजन देईल. तीच वर्तुळावरची ज्वाळा लाल किनारीच्या पांढऱ्या चौकोनात ड्रमवर आणि पोत्यांवरही असते. लक्षात ठेवायला सोपं: ते वर्तुळ म्हणजे ऑक्सिजनचा ओ समजा. आणि उद्या कामाच्या जागी ते चित्र दिसलं, तर आधी बघा की त्याच्या शेजारी पुठ्ठे, प्लास्टिकचे रोल आणि तेलकट चिंध्या आहेत का, आणि तिथून बाहेर जायचं दार किती पावलांवर आहे, कुठल्या बाजूला उघडतं, कुलूप कुणाकडे असतं.